एकच अल्बम कुणी डोक्यावर घेतो, कुणी कचऱ्यात टाकतो: मग ऐकणाऱ्याने काय करायचं?

मिरजेच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "वर्षभरापासून हेवी मेटल ऐकतोय. मेटॅलिका या अमेरिकन बँडचा सगळ्यात अलीकडचा अल्बम '७२ सीझन्स' ऐकला. तीन गाणी आवडली, बाकीची सारखीच वाटली. मग लोकांची मतं वाचली आणि डोकंच फिरलं. एक म्हणतो १९९१ च्या ब्लॅक अल्बमनंतरचं सगळ्यात भारी काम, दुसरा म्हणतो बँड कधीच संपला, आता पेन्शन घ्या. माझे कान कच्चे आहेत का? याचा व्हायनल (एलपी रेकॉर्ड) घ्यावा का? वडील तबला वाजवतात, ते म्हणतात हा नुसता गोंगाट आहे. त्यांना काय सांगू? दादा, जरा सविस्तर सांगा."

दादा म्हणालास, म्हणून सरळ तूच म्हणतो. माझा सांगलीत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळांच्या गौळणी, शाळांच्या स्नेहसंमेलनाची गाणी, निवडणूक आली की प्रचाराची गाणी, हौशी मंडळींची नाट्यगीतं, आणि अधूनमधून कॉलेजच्या पोरांचे मेटल बँड. पोट बाकीच्या कामांवर चालतं, जीव शेवटच्यात आहे.

तुझे प्रश्न तीन दिसतात, पण मूळ एकच आहे: दुसऱ्याच्या मतावर किती भरवसा ठेवायचा आणि स्वतःच्या कानावर किती. मला वाटतं, ते मत कशावर ऐकून दिलंय, कितव्यांदा ऐकून दिलंय आणि कोणता जुना अल्बम डोक्यात ठेवून दिलंय, हे कळल्याशिवाय ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं शोधलंस की एकमेकांच्या विरुद्ध वाटणारी बरीचशी मतं मुळात भांडतच नव्हती, हे लक्षात येतं. प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो.

आधी 'कशावर ऐकलं' हे घे, कारण मेटलला याचा जितका फटका बसतो तितका भावगीताला बसत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर मूळ स्वर साधारण ८२ हर्ट्झचा निघतो, बास गिटारचा ४१ हर्ट्झचा. मोबाइलचा स्पीकर तीनेकशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने ढेपाळतो. म्हणजे मोबाइलवर ऐकणाऱ्यापर्यंत बासचा मूळ स्वर पोचतच नाही. वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांवरून, मेंदू त्याचा अंदाज बांधतो, त्यामुळे सूर कळतो पण वजन कळत नाही. असा श्रोता लिहितो, "गिटार पातळ आहेत, प्रॉडक्शनमध्ये दम नाही." खोटं बोलत नाही बिचारा. हातातल्या वस्तूचं परीक्षण अल्बमच्या नावावर लिहितोय, एवढंच.

त्यात आवाजाच्या पातळीची भर घाल. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू ठेवला की कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवत नेला की ते भरून येतात. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्या पोराचा अल्बम आणि गाडीत काचा लावून ऐकणाऱ्याचा अल्बम हे अक्षरशः दोन वेगळे अल्बम असतात. याचा अर्थ कान फाटेपर्यंत आवाज वाढव असा घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास असा आहे आणि ९० डेसिबलला तोच ४ तासांवर येतो. मेटलवाल्यांना हे कुणी सांगत नाही आणि पुढे चाळिशीत कानात शिट्टी वाजायला लागते.

ड्रमचं प्रकरण तर आणखी नाजूक. दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणारा ड्रमर २०० च्या लयीत सोळांश (मिनिटाला २०० मात्रा, एका मात्रेत चार ठोके) वाजवतो तेव्हा सेकंदाला तेराच्या वर ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत साधारण ७५ मिलिसेकंद. खोलीत आवाज घुमत असेल, किंवा स्पीकरचा पडदा ठोका पडून गेल्यावरही डुलत राहत असेल, तर पहिला ठोका विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडतो आणि नुसती घुं-घुं उरते.

आपल्याकडे हे डॉल्बीवर हमखास दिसतं. एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी मिक्सरवर होतो आणि सिस्टीम गणपती मिरवणुकीतलीच होती. समोर सबची, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, भिंत, डॉल्बीवाल्याने त्याच्या सवयीप्रमाणे खालचा सगळा भाग वर चढवून ठेवलेला. मिरवणुकीच्या गाण्यात ठोका लांब आणि मोकळा असतो, तिथे ते छातीत बसतं. इथे पोरांनी थ्रॅश, म्हणजे मेटलचा वेगवान प्रकार, सुरू केला आणि समोर नुसता चिखल. मी गिटारचा शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापला, किकचं, म्हणजे बास ड्रमचं, शेपूट गेटने (ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज बंद करणारं यंत्र) छाटलं, आणि किकमध्येच तीन-चार किलोहर्ट्झला थोडं वर उचललं, म्हणजे पेडलचा बीटर कातड्यावर आपटतो तो 'टक' पुढे येतो. डॉल्बीवाला धावत आला, "सर, बेस कुठं घालवला?" आणि स्टेजवरून ड्रमरने अंगठा दाखवला, त्याला पहिल्यांदा स्वतःचे पाय ऐकू आले होते. एकच बँड, एकच गाणं. डॉल्बीवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आवाजात दम नव्हता. ड्रमरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, इतका स्वच्छ आवाज कधी मिळाला नव्हता. दोघांची मतं लिहून ठेव आणि कार्यक्रमाला न आलेल्या माणसाला वाचायला दे. तुझी अवस्था सध्या त्या तिसऱ्या माणसाची आहे.

पण सगळा दोष ऐकणाऱ्याच्या उपकरणावर ढकलून रेकॉर्डिंगवाल्यांनी नामानिराळं राहावं, असंही नाही. कधीकधी श्रोतेच बरोबर असतात. याच बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' घे. तो आला तेव्हा सामान्य श्रोते ओरडायला लागले की आवाज फाटतोय, कान थकतात. नेमकं त्याच सुमारास 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठी तीच गाणी वेगळ्या, कमी दाबलेल्या रूपात गेली होती. लोकांनी दोन्हींचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे आलेख, शेजारी ठेवले. गेममधल्या आवृत्तीत ड्रमचे ठोके वर उसळलेले दिसतात आणि सीडीवर सगळं वरून रंधा मारल्यासारखं सपाट. हजारो लोकांनी सह्या करून नवं मिक्स मागितलं. मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) करणाऱ्या टेड जेन्सन यांनीही आपल्याकडे येतानाच ते तसं दाबलेलं होतं, अशा अर्थाचं सांगितलं.

हे का करतात? दोन गाणी लागोपाठ वाजवली तर किंचित मोठ्या आवाजाचं गाणं कानाला चांगलं वाटतं, अगदी आम्हालाही. म्हणून प्रत्येक कंपनी दुसऱ्यापेक्षा मोठं करत गेली. डिजिटलमध्ये वर छत ठरलेलं असतं. त्यामुळे आणखी मोठं करायचं तर उंच ठोके दाबून बाकीचं सगळं वर आणावं लागतं, आणि तेही पुरलं नाही की शिखरंच कापली जातात. आता स्ट्रीमिंगवर या शर्यतीला फारसा अर्थ उरलेला नाही. स्पॉटिफाय गाण्याची सरासरी मोजून ते साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणून ठेवतं, म्हणजे जास्त ठेचलेलं गाणं तिथे मुकाट्याने खाली ओढलं जातं आणि उलट बसकं वाटतं. गंमत अशी की 'डेथ मॅग्नेटिक'च्या मिक्सिंगमध्ये असलेले ग्रेग फिडेलमन हेच '७२ सीझन्स'चे निर्माते आहेत, बँडचा गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफील्ड आणि ड्रमर लार्स उलरिक यांच्यासोबत. माझ्या कानाला हा अल्बम त्यापेक्षा कितीतरी श्वास घेतो. स्नेअर ड्रमला जागा आहे, बास वेगळा ऐकू येतो. "आवाज पुन्हा ठेचलाय" असं मत कुणी दिलं असेल तर तो माणूस २००८ चा राग २०२३ वर काढतोय का, एवढं तपास.

तेव्हा 'कोणता अल्बम डोक्यात ठेवून' हा भाग आला. मेटॅलिका १९८१ मधला बँड आहे. इतक्या वर्षांत श्रोत्यांच्या पिढ्या बदलल्या आणि प्रत्येक पिढीने आपली रेषा आखून ठेवली, या रेषेच्या अलीकडचं खरं, पलीकडचं भेसळ. १९८८ च्या अल्बमला लोक म्हणाले, बास कुठे गेला? तक्रार खरी होती. बास वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि त्याचा बास मिक्समध्ये जवळजवळ पुसूनच टाकला होता. १९९१ च्या ब्लॅक अल्बमला जुने चाहते म्हणाले, रेडिओसाठी विकले गेले. त्याच अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या आणि आज त्याच्याशी तुलना करून नव्या कामाला नावं ठेवतात. २००३ च्या 'सेंट अँगर'वर तर विचारायलाच नको. स्नेअर ड्रमखालच्या तारा मोकळ्या सोडल्याने पत्र्याच्या डब्यासारखा टणत्कार आणि गिटारचे सोलो गायब. त्याला शिव्या घातलेली माणसं अजून थकलेली नाहीत.

या बाबतीत समीक्षकही काही वेगळे नसतात. ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. बहुतेक सगळा एका दिवसात रेकॉर्ड केलेला. तेव्हाच्या नामवंत मासिकाने त्याची खिल्ली उडवली. आज हेवी मेटल कुठून सुरू झालं असं विचारलं तर लोक त्याच अल्बमकडे बोट दाखवतात. पण यावरून 'आज ज्याला शिव्या पडतात ते उद्या महान ठरतं' असा उलटा नियम काढू नकोस. शिव्या पडलेले आणि कायमचे विसरलेले अल्बम त्याहून कितीतरी जास्त आहेत.

माझं निरीक्षण विचारशील तर माणूस अकरावी-बारावीत असताना जो अल्बम आला तो त्याच्यासाठी त्या बँडचा सगळ्यात चांगला अल्बम असतो. मत देणाऱ्याचं वय कळलं की पुढचं मत मला बऱ्याचदा आधीच सांगता येतं. योगायोग म्हणजे या अल्बमचं नावच त्यावर आहे. तीन महिन्यांचा एक ऋतू धरला तर ७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं, ज्यात माणूस घडतो किंवा बिघडतो. (आपल्या सहा ऋतूंच्या हिशेबाने ते १०८ झाले असते. जपमाळेला पुरले असते.)

आता प्रत्यक्ष '७२ सीझन्स'वर येऊ. १४ एप्रिल २०२३ ला आला. १२ गाणी, ७७ मिनिटं. लोकांच्या तक्रारी मुख्यतः अशा: लांबण फार आहे, लय बरीचशी एकाच पट्ट्यात राहते, गिटारिस्ट कर्क हॅमेटच्या सोलोंमध्ये वाह पेडलचा (गिटारचा स्वर 'वा-वा' करणारं पायाने दाबायचं यंत्र) अतिरेक आहे, आणि एकही संथ गाणं नाही. कौतुक कशाचं होतं? हेटफील्डच्या आवाजाचं, साठीला टेकलेल्या माणसांच्या उत्साहाचं, आणि शब्दांतल्या प्रामाणिकपणाचं. हेटफील्ड २०१९ मध्ये पुन्हा व्यसनमुक्ती उपचारांसाठी गेला होता, बँडने दौरा पुढे ढकलला होता, आणि पुढच्याच वर्षी जग घरात बंद झालं. हे माहीत असलेला माणूस ही गाणी वेगळ्या कानाने ऐकतो. पुढे शीर्षकगीताला ग्रॅमीही मिळालं, पण पुरस्कारावरून मत ठरवायचं असेल तर मग हा सगळा खटाटोपच नको.

तुला तीन गाणी आवडली आणि बाकीची सारखी वाटली, यात कान कच्चे असण्याचा काही संबंध नाही. लांबीची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे आणि त्याचं एक साधं तांत्रिक कारण आहे. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटंच नीट मावतात, ओढूनताणून थोडी जास्त, म्हणून जुन्या काळी अल्बम चाळीस-पंचावन्न मिनिटांत आवरायचा. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' ८ गाण्यांचा आणि ५५ मिनिटांच्या आतला आहे. जागाच नव्हती, त्यामुळे काय ठेवायचं यावर भांडणं व्हायची आणि कमकुवत गाणं घरी राहायचं. सीडीने तास-सव्वातास दिला, स्ट्रीमिंगने मर्यादाच काढून टाकली. आयर्न मेडनचा २०२१ चा 'सेनजुत्सू' १० गाण्यांचा आणि जवळजवळ ८२ मिनिटांचा आहे, त्यालाही हीच तक्रार चिकटली. '७२ सीझन्स'मधून मी चार गाणी काढली असती आणि उरलेल्या आठांतल्या तिघांना दीड-दीड मिनिटाची कात्री लावली असती. कोणती चार, ते सांगत नाही, नाहीतर पुन्हा माझंच मत घेऊन बसशील.

'सारखीच वाटली' याबद्दल मात्र थोडं थांबू. स्टुडिओत एका संध्याकाळी मी शेवटचं 'इनामोराटा' लावलं होतं, ११ मिनिटं १० सेकंद, या बँडच्या सगळ्यात लांब गाण्यांपैकी एक. ऐकायला दोघे. एक कॉलेजचा गिटारिस्ट, दुसरे तबल्याचे शिक्षक, कुणाच्या तरी रेकॉर्डिंगसाठी थांबलेले. गिटारिस्ट तिसऱ्या मिनिटाला फोन बघायला लागला, "सर, हे रिफ जुनंच आहे." (रिफ म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा छोटा तुकडा.) तबलजी डोळे मिटून मांडीवर बोटं वाजवत होते. गाण्याच्या मध्यावर गिटार गप्प होतात आणि बास जवळजवळ एकटा चालत राहतो. तिथे त्यांनी डोळे उघडले, "इथं जागा दिली." संपल्यावर म्हणाले, "ठेका सोडत नाही हे चांगलं आहे. पण तिहाईची वाट बघत बसावं लागतं आणि ती येतच नाही." (तिहाई म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं.) मला या अल्बमवर वाचलेल्या मतांपैकी निम्म्यांपेक्षा हे एक वाक्य जास्त नेमकं वाटलं. रिफ पुन्हा पुन्हा येतं त्यात वावगं काही नाही. मेटलचं अंगच ते, जसा ठेका. प्रश्न आवर्तन संपताना काही घडतं का हा आहे. तुला आवडलेल्या तीन गाण्यांत बहुतेक ते घडत असेल. एकदा त्या दृष्टीने ऐकून बघ. याच अल्बममधलं 'लक्स इटर्ना' अवघ्या साडेतीन मिनिटांच्या आत आटपतं, तिथे वाट बघायला वेळच नसतो.

तिसरी गोष्ट, कितव्यांदा. नवा अल्बम रात्री बाराला येतो आणि पावणेदोनला लोक निकाल लावून मोकळे होतात, म्हणजे ७७ मिनिटं एकदा ऐकून, तेही अर्धवट लिहीत लिहीत. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. हे दोन्हीकडून कापतं. पहिल्यांदा ऐकून दिलेली शिवी घाईची असते आणि दहाव्यांदा ऐकून आलेलं प्रेम थोडं सवयीचंही असतं. मी मिक्स करताना म्हणूनच कान ताजे असताना पहिल्यांदा जे खटकतं ते कागदावर लिहून ठेवतो आणि मग दोन-तीन दिवस त्या गाण्याला हात लावत नाही. परत ऐकताना तेच खटकलं तर ते खरंच खटकण्यासारखं असतं. तूही तसंच कर. एकदा सलग, गाणं न ढकलता, दुसरं काही न करता. मग थोडे दिवस सोडून दे. नंतर परत, पण या वेळी शेवटच्या गाण्यापासून उलटं, कारण ७७ मिनिटांच्या अल्बममध्ये आठव्या गाण्यापर्यंत कान थकलेले असतात आणि मागची गाणी विनाकारण मार खातात.

इथपर्यंतचं एका वाक्यात बांधतो: उपकरण, तुलनेला घेतलेला अल्बम आणि ऐकण्याची वेळ, ही तीन माहीत असतील तर मत वापरता येतं, नाहीतर ती नुसती करमणूक.

मग मतं वाचायचीच नाहीत का? वाच की, पण फोडून वाच. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना व्यापारी ढिगाकडे बघून बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. मताचंही तसंच. "सोललेस आहे", "मास्टरपीस", "आत्मा हरवला", असली वाक्यं मोडली तर आत काहीच निघत नाही. "चौथ्या मिनिटानंतर कोरस तिसऱ्यांदा येतो तेव्हा त्यात नवं काही नाही" हे मोडून बघता येतं, कारण तू ते मिनिट लावून तपासू शकतोस. ज्या मतात ठिकाण सांगितलेलं असतं तेवढीच मी लक्षात ठेवतो, मग ती माझ्या मताविरुद्ध का असेनात.

आणखी एक युक्ती. एक-दोन माणसं अशी धरून ठेव ज्यांची आवड तुला पक्की ठाऊक आहे. ती तुझ्याशी जुळलीच पाहिजे असं नाही. माझा एक मित्र आहे, त्याला जे संथ आणि लांब वाटतं ते मला हमखास आवडतं. त्याने एखाद्या अल्बमला नाक मुरडलं की मी तो त्याच रात्री ऐकतो. अनोळखी हजार लोकांच्या सरासरी तारकांपेक्षा हा एक माणूस मला जास्त उपयोगी पडतो. सरासरीत अडचण अशी की जुन्या बँडवर लोक माया करतात. ज्युडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता आणि गिटारिस्ट ग्लेन टिप्टनला पार्किन्सन झाल्याचं २०१८ पासूनच जाहीर होतं. अल्बम खरोखर चांगला आहे, मलाही आवडतो, पण त्यावरच्या कौतुकातलं किती गाण्यांचं आणि किती म्हाताऱ्यांच्या जिद्दीचं हे वेगळं काढणं अवघड आहे. मेटॅलिकाला ही सूट मिळत नाही, कारण ते अजून स्टेडियम भरतात आणि श्रीमंत आहेत. श्रीमंतावर लोक माया करत नाहीत.

व्हायनलचं परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात आधीच बरा टर्नटेबल आणि स्पीकर असतील तर जरूर घे. हा अल्बम दोन एलपींवर आहे, म्हणजे बाजूला सरासरी एकोणीस-वीस मिनिटं. बाजू जितकी लांब तितक्या खोबणी जवळजवळ कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी व खालचे स्वर आवरते घ्यावे लागतात, त्यामुळे वीस मिनिटं ही चांगली मर्यादा आहे. शिवाय दर वीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते, तेवढ्यात कानाला विश्रांती. लांबलेल्या अल्बमला हा उतारा छान लागू पडतो. पण टर्नटेबल नसेल आणि सूटकेससारखा स्वस्त प्लेअर घेऊन सुरुवात करायचा विचार असेल तर नको. त्यांच्यातले बरेच जड सुईचे आणि सिरॅमिक कार्ट्रिजचे असतात, रेकॉर्ड झिजवतात आणि बास तर मोबाइलइतकाच पोकळ. त्याच पैशांत स्टुडिओत मॉनिटरिंगला वापरतात तसले वायरचे, बंद कपाचे हेडफोन घे. ब्लूटूथ नको असं नाही, पण वायरवर तुला एकदा खरा बास ऐकू येऊ दे, मग तुलनेला पाया मिळेल. '७२ सीझन्स' त्यावर पुन्हा ऐकलास तर तीनाची चार-पाच गाणी होतील असा माझा अंदाज आहे. बाराची बारा होणार नाहीत.

राहिले वडील. तबला वाजवणाऱ्या माणसाला 'हे संगीतच आहे' असं पटवायला जाऊ नकोस, ते शब्दांनी पटत नसतं. त्यांच्या ओळखीच्या जागा दाखव. मेटलमधला पॉवर कॉर्ड म्हणजे निव्वळ षड्ज-पंचम. त्यात गंधार मुद्दाम ठेवत नाहीत. फाटक्या अॅम्प्लिफायरमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. ८२ आणि १२३ हर्ट्झचा सा-प वाजवला तर फरक येतो ४१, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. न वाजवलेला खर्ज फुकटात मिळतो, मेटलचं वजन तिथून येतं. गंधार घातला की हेच फरकाचे स्वर वेडेवाकडे पडतात आणि सगळं गढूळ होतं. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलंच रिफ सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम एवढ्यावर उभं आहे. थ्रॅशमध्ये सा आणि कोमल रिषभाची घसट इतकी चालते की भैरवीच्या वाटेवर असल्यासारखं वाटतं, फक्त पोहोचत नाहीत तिथे.

आणि तुम्ही मिरजेचे. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीचा माथा किंचित घासून तार त्यावर हलकेच टेकत राहील असं करतात, म्हणजे एका तारेतून स्वरांचा अख्खा थवा उठतो, हे तुझ्या वडिलांनी सतारमेकर गल्लीत उभं राहून पाहिलंच असेल. गिटारचं डिस्टॉर्शन अॅम्प्लिफायरमध्ये तेच काम करतं, मूळ स्वरावर हार्मोनिक्स चढवतं. फक्त तंबोऱ्यात ते घासून येतं आणि इथे कापून. त्यांना '७२ सीझन्स'ने सुरुवात करून देऊ नकोस. ब्लॅक अल्बममधलं 'व्हेअरएव्हर आय मे रोम' लाव, आवाज बेताचा ठेव, आणि नाव सांगू नकोस. सुरुवातीलाच इलेक्ट्रिक सतार वाजते. जवारी बरोबर आहे की नाही, यावर ते नक्की काहीतरी बोलतील. बोलले की कळव.